औषधांना न जुमानणारे जिवाणू : एका मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण नव्या यंत्रांची, वाढलेल्या खाटांची आणि यशस्वी शस्त्रक्रियांची वार्ता ऐकता. यंदा विश्वस्त मंडळाने आमच्या विभागाला बोलण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचा विभाग रुग्णांच्या वाटेवर नाही. रुग्णाला आमचा चेहरा सहसा दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ आमच्या सहीचा कागद. दिवसभर आमच्यासमोर असतात त्या लघवीच्या बाटल्या, रक्ताचे नमुने आणि जिवाणू वाढवण्याच्या बशा. विषय फारसा प्रसन्न नाही, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही आज त्याविषयीच बोलायचे आहे. कारण गेल्या काही वर्षांत या बशांमध्ये आम्ही जे पाहत आहोत, ते आपल्या प्रत्येकाच्या घराशी निगडित आहे.

प्रारंभी एका रुग्णाची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शहराच्या जुन्या भागात राहणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. मधुमेह जुना, गुडघे दुखरे. वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणी बेताचेच पीत. लघवीला जळजळ होऊ लागली तेव्हा शेजारणीने आपल्याकडच्या उरलेल्या चार गोळ्या दिल्या. दोन दिवस बरे वाटले. पुन्हा त्रास झाला, तेव्हा औषधाच्या दुकानातून तशाच गोळ्या आणल्या. तिसऱ्या खेपेस जवळच्या दवाखान्यात गोळी बदलून मिळाली, चौथ्या खेपेस आणखी एक. या चार महिन्यांत लघवीची तपासणी कोणी करून घेतली नाही. कारण प्रत्येक वेळी दुखणे किरकोळच वाटत होते. अखेर एका रात्री थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा सुरू झाल्या, आजी असंबद्ध बोलू लागल्या आणि पहाटे मुलाने त्यांना आपल्या रुग्णालयात आणले. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊन रक्तात उतरला होता.

दोन दिवसांनी आमचा अहवाल तयार झाला. त्यात औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक ‘आर’ हे अक्षर होते. ‘आर’ म्हणजे जिवाणू या औषधाला दाद देत नाही. तोंडाने घेता येईल असे, त्यांच्या आजाराला उपयोगी पडणारे एकही औषध उरले नव्हते. शिरेतून द्यावयाच्या मेरोपेनेम या राखीव औषधाचा आधार होता. तो लागू पडला आणि दोन आठवड्यांनी आजी घरी गेल्या. मुलगा रिक्षा चालवतो. बिलात रुग्णालयाने सवलत दिली, तरी तितके दिवस त्याची रिक्षा उभीच होती. निघताना त्याने आम्हाला विचारले, “आई आजवर कधी मोठ्या दवाखान्यात राहिली नाही. भारी औषध तिने कधी घेतले नाही. मग कुठल्याच गोळीला न ऐकणारा हा जंतू तिच्या अंगात आला कोठून?”

त्या दिवशी कामाच्या घाईत आम्ही त्याला जे उत्तर दिले, ते अपुरे होते. आज ते पुरे करण्याचा प्रयत्न करतो.

उत्तराचा पहिला भाग साधा आहे. हा जंतू बाहेरून चाल करून आलेला नव्हता. तो आजींच्याच आतड्यात होता. मूत्रमार्गाच्या बहुसंख्य संसर्गांना कारणीभूत असणारा जिवाणू म्हणजे इश्चेरिकिया कोलाय, संक्षेपाने इ. कोलाय. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो प्रथम ओळखला. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात त्याचे बिऱ्हाड असते आणि तेथे तो बहुधा कोणाला त्रास देत नाही. मात्र तेथून तो मूत्रमार्गात शिरला, की आपल्या अंगावरच्या केसांसारख्या सूक्ष्म तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतो आणि वाढू लागतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे त्यांना हा त्रास अधिक होतो. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतोच. मधुमेह, मुतखडा, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आणि लघवीसाठी घातलेली नळी यांमुळे धोका वाढतो.

दुसरा भाग अधिक गहन आहे : घरचाच जंतू औषधांना इतका निर्ढावला कसा? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला, हे आपण शाळेत शिकलो. त्यापुढची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९४० मध्ये, म्हणजे रुग्णांवर पेनिसिलिनचे उपचार सुरू होण्याच्या आधीच, ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांना पेनिसिलिन नष्ट करणारे एक विकर जिवाणूत आढळले होते. तो जिवाणू होता इ. कोलायच. म्हणजे तलवार म्यानातून निघण्यापूर्वी ढाल तयार होती. बुरशी आणि जिवाणू यांची झुंज कोट्यवधी वर्षांची. आपण तिच्यात काल-परवा उतरलो.

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायाला हे औषध देण्यात आले. साठा इतका तुटपुंजा होता, की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून, शुद्ध करून पुन्हा त्यालाच टोचण्यात आले. तो सुधारू लागला. पण औषध संपले आणि तो दगावला. एकेक कण लघवीतून वेचून घ्यावा, इतके मोल ज्या औषधाला होते, त्याच्याच भाऊबंदांच्या अर्धवट पट्ट्या आज आपल्या कपाटांतून पडलेल्या असतात. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच सावध केले होते, की हे औषध सहज मिळू लागले, की लोक ते अपुऱ्या मात्रेत घेतील आणि जिवाणूंना प्रतिकाराचे शिक्षण देतील.

आम्हा पुणेकरांना या इतिहासाविषयी विशेष आपुलकी वाटावी, असे एक कारण आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील देशाचा तो पहिला औषध कारखाना. जीवनदान देणारे औषध गरिबाला परवडावे, ही त्यामागील भावना होती. आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील.

इ. कोलायवर मूळ पेनिसिलिनचा फारसा प्रभाव पडत नसे. १९६१ मध्ये आलेल्या ॲम्पिसिलिनने ती उणीव भरून काढली. परंतु अवघ्या चार वर्षांत, १९६५ मध्ये, नाओमी दत्ता आणि त्यांच्या सहकारी यांनी अथेन्समधील एका रुग्णाच्या इ. कोलायमध्ये ॲम्पिसिलिन तोडणारे विकर दाखवून दिले. अधिक चिंतेची बाब ही, की त्या विकराची कृती मूळ गुणसूत्रावर नव्हती. ती होती प्लाझ्मिड नावाच्या एका लहानशा वर्तुळाकार जनुकीय तुकड्यावर. शेजारणीने शेजारणीला पाककृतीची चिठ्ठी उतरवून द्यावी, तसा हा तुकडा एक जिवाणू दुसऱ्याला देतो. आपली प्रत स्वतःकडे राहतेच. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असावेत, असेही बंधन नाही. एका चिठ्ठीवर पुष्कळदा पाच-सहा औषधांवरचे तोडगे एकत्र लिहिलेले असतात. म्हणून एक औषध वापरले, तरी त्याच्या आश्रयाने इतर औषधांचा प्रतिरोधही पोसला जातो.

आता आजींच्या त्या चार गोळ्यांकडे पुन्हा पाहू. आतड्यात कोट्यवधी जिवाणू. त्यांतील थोड्यांजवळ अशी चिठ्ठी असते. गोळी पोटात जाते तेव्हा ती केवळ मूत्राशयातल्या जंतूंवर परिणाम करीत नाही. आतड्यातले निरुपद्रवी, साधे जिवाणूही मरतात. चिठ्ठीवाले तगतात. अनुकूल परिस्थितीत इ. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो; मोकळ्या झालेल्या जागेत या थोड्यांची वसाहत उभी राहण्यास किती वेळ लागणार? दुसरी गोळी, तिसरी गोळी, चौथी गोळी. प्रत्येक खेपेस हीच निवड. चार महिन्यांत आजींच्या आतड्यात जे उरले, तेच शेवटी मूत्रपिंडात पोहोचले.

पण मुलाचा प्रश्न येथे संपत नाही. पहिली चिठ्ठी आली कोठून? येथे उत्तर आजींच्या घरातून बाहेर पडते आणि शहरात येते.

२००९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून एक वृत्त प्रसिद्ध झाले. भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णाला दिल्लीत उपचार घेताना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. त्याच्या जिवाणूत मेरोपेनेमच्या वर्गातील औषधे निष्प्रभ करणारे एक नवे विकर आढळले. त्याचे नाव एनडीएम-१ असे ठेवण्यात आले. त्या नावात नवी दिल्ली असल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ रोष प्रकट झाला. नावाविषयीची नाराजी समजण्यासारखी होती. परंतु वस्तुस्थिती आपल्याच डॉक्टरांनी मांडलेली होती. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील तज्ज्ञांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात मेरोपेनेमच्या वर्गाला दाद न देणारे २४ जिवाणू तपासले. त्यांतील २२ जिवाणूंत एनडीएम-१ सापडले. हे निष्कर्ष त्यांनी २०१० मध्ये भारतीय वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात निर्भीडपणे प्रसिद्ध केले. रोग लपवून बरा होत नाही, हा वैद्यकाचा पहिला धडा त्यांनी गिरवला.

आणि आता आपले पुणे. नचिकेत मराठे, जोकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुठा नदीच्या तळातील गाळ तपासला. नदी शहरात शिरण्यापूर्वीचा गाळ आणि शहरातला गाळ यांची त्यांनी तुलना केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी औषधप्रतिरोधाची १७५ प्रकारची जनुके आढळली. त्यांत एनडीएमही होते. शहरातल्या गाळात अशा जनुकांचे प्रमाण वरच्या अंगाच्या गाळापेक्षा ३० पट होते. हा फरक डोंगरातून वाहत आलेला नाही. तो आपल्या सांडपाण्याचा आहे. शुद्ध न करता किंवा अर्धवट शुद्ध करून नदीत सोडलेले मैलापाणी म्हणजे घराघरांतील आतड्यांची एकत्र झालेली नोंदवही होय. ज्या परिसरात देशाचे पेनिसिलिन तयार झाले, त्याच परिसरातल्या नदीच्या तळाशी त्याच्या पराभवाची जनुके साठलेली आहेत.

यावरून आजींना नदीच्या पाण्यातूनच संसर्ग झाला, असे आम्ही म्हणणार नाही. एखाद्या रुग्णापुरता तो मार्ग सांगता येत नाही. परंतु माणूस, अन्न, पाणी, जनावरे आणि रुग्णालये यांच्यामध्ये या चिठ्ठ्या सतत फिरत असतात. कोंबड्या-जनावरांच्या खाद्यातही प्रतिजैविके मिसळली जात. कोलिस्टिन या अखेरच्या औषधाचा तसा वापर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंद केला. तेव्हा त्या मुलाला आमचे पुरे उत्तर असे : हा जंतू तुमच्या आईचा एकटीचा नाही, तो आपल्या सर्वांचा आहे. आपण प्रत्येकाने गरज नसताना घेतलेल्या, दिलेल्या आणि मागितलेल्या गोळ्यांनी तो घडवला. भोगायला मात्र तिच्या वाट्याला आला.

प्रतिजैविकांची शक्ती ही गावच्या सामाईक विहिरीसारखी आहे. इतर बहुतेक औषधे एकाने घेतली, तर दुसऱ्यासाठी त्यांचा गुण कमी होत नाही. येथे मात्र एकाने वाया घालवलेला घोट दुसऱ्याच्या तहानेतून वजा होतो. ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधप्रतिरोधामुळे झाले, आणि अशा मृत्यूंशी निगडित जिवाणूंमध्ये इ. कोलाय अग्रस्थानी होता.

चित्र पूर्णपणे काळे नाही, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये देशभरातील रुग्णालयांचे प्रतिरोध-निरीक्षणाचे जाळे उभारले. त्याच्या अहवालांतून दिसते, की सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफॅलोस्पोरिन वर्गातील अनेक औषधांना इ. कोलाय आज मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. परंतु नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी, साधी औषधे मूत्राशयापुरत्या संसर्गात अजूनही बहुतेक वेळा कामास येतात. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्यावर मात्र ती पुरी पडत नाहीत. म्हणजे वेळेवर आणि योग्य निदान झाले असते, तर आजींचे दुखणे पहिल्याच आठवड्यात एका साध्या औषधाने मिटण्याचा बराच संभव होता.

या निदानाचा मार्ग म्हणजे लघवीचे कल्चर. स्वच्छता करून मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. ते शक्य नसेल, तर तोवर शीतकपाटात ठेवावी. नमुना बशीवर पसरून रात्रभर उबेत ठेवला, की जिवाणूंचे ठिपके उगवतात. मग त्यांच्याभोवती निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतो. जे औषध चालते, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडते. जे चालत नाही, त्याच्या कडेपर्यंत जिवाणू निर्धास्त वाढतात. एक ते दोन दिवस लागतात. तो काळ आम्ही आमच्या सोयीसाठी मागत नाही. जिवाणूला वाढण्यास तेवढा वेळ लागतो. प्रत्येक किरकोळ जळजळीला कल्चर लागते असे नाही. परंतु त्रास वारंवार होत असेल, ताप असेल, मधुमेह असेल किंवा गर्भारपण असेल, तर प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्याआधी नमुना दिलाच पाहिजे. गंभीर रुग्णाला नमुना घेताच औषध सुरू केले जाते आणि अहवाल आल्यावर ते बदलले जाते.

आता थोडे आमच्या दोषांविषयी. रुग्णालये या प्रश्नाची केवळ साक्षीदार नाहीत, वाटेकरीही आहेत. लघवीची नळी गरजेने घातली जाते आणि पुष्कळदा सवयीने राहते. जितके दिवस ती राहील, तितका संसर्गाचा धोका वाढत जातो; नळीच्या आतल्या बाजूस जिवाणू चिकट थर करून बसतात आणि त्या थराखाली औषध नीट पोहोचत नाही. आमच्याही वॉर्डांत नळ्या गरजेपेक्षा अधिक दिवस राहिल्या आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आता सकाळच्या फेरीत परिचारिका प्रत्येक नळीविषयी विचारते, “आज ही कशासाठी?” समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर नळी निघते. हा प्रश्न विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. नातेवाइकांनीही तो विचारावा. आम्हाला राग येणार नाही.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची चार विनवण्या आहेत. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये आणि आपली देऊ नये. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवसच औषध घ्यावे, मनाने कमीही करू नये आणि वाढवूही नये. वृद्धांच्या लघवीला वास आला किंवा ती गढूळ दिसली, एवढ्यावरून प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये. त्रास नसताना केवळ अहवालात जंतू दिसले, तर गर्भवती आणि काही ठरावीक शस्त्रक्रियांपूर्वीचे रुग्ण सोडल्यास बहुधा उपचार लागत नाहीत. आणि डॉक्टरांनी ‘आज औषधाची गरज नाही’ असे सांगितले, तर ‘फी घेतली, पण औषध दिले नाही’ असे मनात आणू नये. त्यांनी त्या दिवशी तुमच्या नातवंडांसाठी काहीतरी राखून ठेवलेले असते. कायद्याचाही आधार आहे : १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार त्यातील अनेक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते. पण नोंदवहीपेक्षा गिऱ्हाइकाचा विवेक मोठा.

अखेरीस देणगीदारांशी दोन शब्द. आपल्या दातृत्वावरच ही वास्तू उभी आहे. वडिलांच्या नावाची खोली, आईच्या नावाचे डायलिसिस यंत्र, अशा कृतज्ञतेच्या पाट्या या इमारतीत जागोजागी आहेत आणि त्यांच्याकडे पाहून आमचे मन भरून येते. कल्चरच्या बशीवर मात्र पाटी लावता येत नाही. तीन दिवसांनी ती निर्जंतुक करून टाकून द्यावी लागते. पण काही शे रुपयांच्या या तपासणीला पैसे नाहीत म्हणून अंदाजाने गोळी घेऊन जाणाऱ्या स्त्रिया आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज येतात. त्यांत घरकाम करणाऱ्या असतात, मंडईत दिवसभर बसणाऱ्या असतात. स्वच्छतागृह जवळ नाही म्हणून त्या दिवसभर पाणी टाळतात. गरजू रुग्णांचे कल्चर विनामूल्य व्हावे यासाठी एक स्वतंत्र निधी असावा, अशी आमची विश्वस्तांना आणि आपणा सर्वांना नम्र विनंती आहे. या निधीतून कोणते नाव कोरले जाणार नाही. एखाद्या आजी पहिल्याच आठवड्यात बऱ्या होतील, रुग्णालयाची पायरी चढणार नाहीत, आणि त्यांना कोणी वाचवले हे त्यांना कधी कळणारही नाही. दानाचा याहून निर्मळ प्रकार आम्हाला ठाऊक नाही.

त्या मुलाच्या आई मध्यंतरी तपासणीसाठी येऊन गेल्या. प्रकृती ठीक आहे. सोबत पाण्याची बाटली होती, आणि पिशवीत आमच्यासाठी लघवीचा नमुना. तोही औषध सुरू करण्याआधी घेतलेला. ‘आधी तपासणी, मग गोळी,’ असे आता त्याच शेजारणीला बजावतात म्हणे. आमच्या या लांबलेल्या व्याख्यानाचे सार त्यांनी चार शब्दांत सांगितले आहे.